सही बापाची, धावपळ पोराची

कोऱ्हाळे बुद्रुक हे तसे आपल्या पत्रिकेच्या वाचकांचे गाव नव्हे. नीरेहून बारामतीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो, शेजारी सोमेश्वरचा साखर कारखाना आहे आणि नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळापासून वाहतो आहे. कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या आपल्या माणसाला वाटणार, बागायतदारांच्या पोरांचे विचार ऐकायला एवढ्या लांब कशाला जायचे? मलाही तसेच वाटत होते. पण बारामती तालुका कागदावर एक असला तरी त्यात दोन मुलूख आहेत. कालव्याच्या खाली ऊस, आणि वरच्या अंगाला मोरगाव, सुपे, लोणी भापकर असा जिरायती पट्टा. तिथे ज्वारी-बाजरी येते ती पावसाच्या मर्जीने, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्या बैठकीला दोन्हीकडची पोरे आली होती. वीस-बावीस मुलगे, चार मुली. तिशीच्या पुढचा मी एकटाच.

मी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. तुमच्या मते पुढारी कोण?

कालव्याखालचा एक जण म्हणाला, "ज्याच्या एका फोनवर काम होतं तो." दुसरा म्हणाला, "ज्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो तो." सगळे हसले. तिसऱ्याने अधिक बारकाईने सांगितले, की निवडून येणे वेगळे आणि तिकीट मिळणे वेगळे. पुढारी तो, जो तिकीट देतो. उत्तरे खरी होती. आपण मोठ्या माणसांनी जे दाखवले तेच ती बोलत होती. 

मग मागे बसलेला, जिरायती भागातला एक मुलगा उठला. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणाला, "सर, पुढारी कोण ते नंतर बघू. आधी शेतकरी कोण ते सांगा. मी शेतकरी आहे का?"

मला वाटले, भाषण करणार. पण त्याने हिशेब मांडला. ई-पीक पाहणी २०२१ साली सुरू झाली तेव्हापासून घरच्या सात एकरांची नोंद तो आपल्या मोबाईलवरून करतो. शेतकरी ओळख क्रमांक निघाला तेव्हा वडिलांना घेऊन केंद्रावर तोच गेला. एक रुपयाचा पीकविमा २०२३ ला आला आणि २०२५ ला गेला, त्याचे फॉर्म त्यानेच भरले आणि नुकसानीची तक्रार मुदतीत त्यानेच केली. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, पीएम किसानचे केवायसी, सारे त्याच्याकडे. कोणते बी, कोणते खत, ज्वारीची पेर हस्तात करायची की थांबायचे, हेही तोच ठरवतो. "पण सातबारा आण्णांचा. सोसायटीचा सभासद आण्णा. सोसायटीच्या सभेला मी गेलो तर सचिव म्हणतो, बाहेर बस. मग मी कोण? गडी?"

त्याच्या या एका शब्दावर बैठक गप्प झाली. नंतर दोन तास बोलणे झाले ते त्यावरच.

आपल्या कापूसवाल्यांना हे समजावून सांगायला नको. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करावी लागली. सातबारा, पीक पाहणी, आधार असे सगळे जुळवून ती नोंद घरोघर कोणी केली? पोरांनी. मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० हे बापाला कोणी सांगितले? त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि पुढे ती सूट वर्षअखेरपर्यंत ओढली, त्यामुळे व्यापारी हमीभावाच्या खाली बोलू लागला, हेही मोबाईलवर आधी वाचले ते पोरानेच. मात्र यातल्या कशावरही सहकारात किंवा बाजार समितीत हात वर करायचा तर त्याचा हात मोजला जात नाही.

कायदा काय म्हणतो ते बघा. मतदानाचे वय १९८९ साली एकवीसवरून अठरावर आले. अठराव्या वर्षी आपला पोरगा पंतप्रधान कोण ते ठरवतो. अठराव्या वर्षी तो ग्रामसभेचा सदस्य होतो. एकविसाव्या वर्षी तो सरपंच होऊ शकतो, पंचविसाव्या वर्षी आमदार किंवा खासदार. मात्र गावच्या विकास सोसायटीचा कर्जदार सभासद व्हायचे तर वय पुरे पडत नाही, जमीन नावावर लागते. जमीन बापाच्या नावावर असते, आणि पुष्कळ घरांत अजून आजोबांच्याच. बाप सत्तरीचा होईपर्यंत पोरगा पंचेचाळिशीला येतो.

आणि गोष्ट एका सोसायटीपुरती राहत नाही. सोसायटीचे प्रतिनिधी जिल्हा बँकेवर संचालक पाठवतात. सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य मिळून बाजार समितीवर शेतकऱ्यांचे म्हणून संचालक पाठवतात. २०१७ साली कायदा बदलून किमान दहा आर जमीन असलेल्या शेतकऱ्याला बाजार समितीसाठी थेट मत दिले होते. २०२० साली ते काढून घेतले, पुढच्या सरकारने तो विषय पुन्हा काढला. या सगळ्या ओढाताणीत जमिनीची अट मात्र कोणी सोडली नाही. कर्ज कोणाला किती, काटा कोणाचा, मापाई-तोलाई किती, हे जिथे ठरते त्या प्रत्येक दाराशी सातबारा विचारला जातो.

बारामतीकरांना तरुण पुढाऱ्याचे नवल नाही. १९६७ साली शरद पवार इथूनच पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा त्यांना सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच तालुक्यात त्याच वयाचा जिरायती पोरगा आज सोसायटीच्या सभेत बाहेरच्या पायरीवर बसतो.

हे मी दुसऱ्यांच्या घरातले सांगत नाही. शेतकीची पदवी घेऊन घरी आलो त्या वर्षी वडिलांनी शेत माझ्या हवाली केले. माती परीक्षण, मालदांडीला संरक्षित पाण्याची एक पाळी, शेतात बांध, मी म्हणेन ते. पण कर्ज त्यांच्या नावावर. पुढे एका फेब्रुवारीत ते दवाखान्यात पडले. पीककर्जाचे नवे-जुने मार्चअखेर करायचे होते. पैसे माझ्या खिशात होते आणि उठून सही करायला वडील नव्हते. भरणा माझ्या हातून झाला, पण नव्या कर्जाच्या कागदावर त्यांची सही लागत होती. मे महिना गेला, पेरणी तोंडावर आली आणि बियाण्याला मी खाजगी सावकाराकडून तीन रुपये शेकड्याने पैसे आणले. दर महिना तीन रुपये. मी पदवीधर. सोसायटीचा दोष नव्हता, तिचा नियमच तसा होता. पण त्या पावसाळ्यात मला कळले, की शेतीतले ज्ञान आणि शेतीतला अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठाने मला यांतली पहिली तेवढी दिली होती.

सावकाराचे नाव निघाले आणि बैठकीत एकाने सुप्याची आठवण काढली. पोरांना ती माहीत होती याचा मला आनंद झाला. १२ मे १८७५ रोजी याच तालुक्यातल्या सुपे गावात बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. त्याच्या मुळाशी कापूसच होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी कर्जे काढली. युद्ध संपले, भाव कोसळला, वर सरकारने शेतसारा वाढवलेला. जमिनी सावकाराकडे जाऊ लागल्या. त्या दंग्यात शेतकऱ्यांनी बहुतेक ठिकाणी माणसे मारली नाहीत. त्यांना हवे होते ते रोखे आणि वह्या. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे फारसे काही झाले नाही. जिथे दिले नाहीत तिथे ते ओढून काढून जाळले. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

त्यांनी कागद जाळला, कारण त्यांना तो वाचता येत नव्हता आणि त्यावर काय लिहिले ते सावकारच सांगायचा. दीडशे वर्षांनी त्याच सुप्याच्या पट्ट्यातला पोरगा कागद वाचतो, भरतो, अपलोड करतो, त्यातली चूक तलाठ्याला दाखवतो. एवढी वाट चालून झाली. फक्त सही करायची म्हटली की तो बाजूला होतो आणि बापाला पेन देतो.

आता आपल्या चळवळीचे बोलू. सरकारला चार शब्द सुनावणे सोपे असते.

आमच्या तरुणपणी आम्ही सभेच्या सतरंज्या घातल्या, गावोगाव भिंती रंगवल्या, गाड्या भरल्या. त्याचे दुःख नाही; कोणीतरी करायचेच असते. पण वीस वर्षांनी बघतो तर सतरंजीवाले बदलले आणि व्यासपीठ तेच. १२ डिसेंबरला आपण बाबू गेनूच्या तसबिरीला हार घालतो. पुणे जिल्ह्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा शेतकऱ्याचा पोर, मुंबईत गिरणी कामगार, १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि गेला. वय बावीस. तसबिरीतला बावीस वर्षांचा पोरगा आपल्याला मंचावर चालतो. जिवंत असलेला बावीस वर्षांचा माणूस बोलायला उठला, की आपण घड्याळाकडे बघतो.

पुणतांब्याचा संप आठवा. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला आणि १ जूनपासून शेतकरी संपावर गेले. त्यात पुढे होती ती बरीचशी तरुण पोरे, गावागावांत व्हॉट्सॲपवर निरोप फिरवणारी. ३ जूनच्या पहाटे काही प्रतिनिधींनी मुख्यमंत्र्यांशी बोलणी करून संप मागे घेतल्याचे जाहीर केले. गावांनी ते मानले नाही आणि संप चालू राहिला. २४ जूनला कर्जमाफी जाहीर झाली, दीड लाखापर्यंतची. त्या कर्जमाफीत कोणाला काय मिळाले यावर आपण या पत्रिकेत पुष्कळ लिहिले आहे. आज मला वेगळे म्हणायचे आहे. त्या पहाटे कोणी कोणाच्या वतीने सही केली हा प्रश्न पोरांनी विचारला, आणि आपल्यातल्या कित्येक जाणत्यांना तो उद्धटपणा वाटला. मला तो तेव्हाही बरोबर वाटला होता, आजही वाटतो.

पोरांची सगळीच बाजू घेतो आहे असे समजू नये. कोऱ्हाळ्यात मी त्यांनाही बोललो. ज्या ग्रामसभेत मत आहे तिथे तुम्ही जाता का? वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात; गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब होतात आणि मग दहा माणसांत ठराव होतात, तेव्हा तुम्ही कुठे असता? दोघांनी खाली बघितले. एक जण म्हणाला, तिथे कोण ऐकतं? हे उत्तर आळशाचे आहे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तीन दिवस राबणाऱ्याने ऐकणारे कोणी नाही म्हणू नये. आणि सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये बाशिंग बांधून, घोड्यावर बसून लग्न न झालेल्या तरुणांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला, तेव्हा सारा महाराष्ट्र हसला. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. मुलींची संख्या कमी का, शेतकऱ्याला मुलगी कोणी देत का नाही, हे प्रश्न खरेच आहेत. पण मुलगी देणारा बापही तेच विचारतो, जे त्या जिरायती पोराने मला विचारले: याच्या नावावर काय आहे?

तरुणांच्या हाती गाव दिले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या जिरायती मुलखातच आहे. तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. दारूने नासलेले, सरकारी नोकराला शिक्षा म्हणून बदलीवर पाठवायचे असे ते गाव. १९८९ साली गावातल्या तरुणांनी आग्रह धरला आणि पोपटराव पवार हा शिकलेला, क्रिकेट खेळणारा गडी बिनविरोध सरपंच झाला. त्याची तिशी व्हायची होती. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, समतल चर. मला कृषी पदवीधर म्हणून त्यातली एकच गोष्ट फार मोठी वाटते. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस लावायचा नाही, आणि पावसाळा संपला की किती पाणी साठले ते मोजून ग्रामसभेत कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. पाण्याचा जमाखर्च चारचौघांत वाचायचा. फोनवर काम करून देणारा पुढारी वेगळा आणि वही उघडी ठेवणारा वेगळा. तिथल्या म्हाताऱ्यांनी पोरांना वही दिली, एवढेच.

आता म्हाताऱ्यांची भीती. ती खोटी नाही. पुण्याच्या बाजूने येणारे प्लॉटिंग तालुक्या-तालुक्यांत पोचले आहे. जमीन नावावर केली आणि पोराने विकून गाडी घेतली, आई-बाप उघड्यावर आले, अशी घरे प्रत्येक गावात दाखवता येतील. शिवाय जमिनीचे तुकडे पाडू नयेत असे मी शेतकीचा माणूस म्हणून आयुष्यभर सांगत आलो. जिरायतीत वीस गुंठ्यांच्या खाली तुकडा कायद्यालाही चालत नाही, आणि वीस गुंठ्यांत ज्वारी पेरून कोणाचे पोट भरले आहे? म्हणून खातेफोड करा असे मी सांगत नाही.

पण जमीन न तोडता मत देता येते का, हे तरी बघा. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात सहयोगी सभासद म्हणून तरतूद आहे. एक शेअर दोघांच्या नावे धरता येतो. पहिले नाव बापाचे असेल तर मताचा हक्क त्याचाच. तो हजर नसेल तर दुसऱ्या नावाचा माणूस मत देऊ शकतो. जमीन जागची हलत नाही, कर्ता कर्ताच राहतो, आणि पोरगा सभेच्या दाराच्या आत येतो. आपल्यापैकी किती जणांनी शेअर सर्टिफिकेट शेवटचे कधी उघडून पाहिले? ट्रंकेत असेल. पुढची मागणी त्याहून मोठी आहे: जो कसतो आणि ज्याच्या हातून पीक पाहणीची नोंद होते त्याला, घरच्या कर्त्याच्या लेखी संमतीने, सोसायटीत आणि बाजार समितीत मत. त्यासाठी कायदा बदलावा लागेल आणि भांडावे लागेल. शेअरवर दुसरे नाव घालायला कायदा बदलायची गरज नाही, सोसायटीच्या पोटनियमात ते बसते का एवढे बघायचे.

हे सगळे मी बैठकीत मोठ्या उत्साहाने सांगितले. मग चार मुलींपैकी एक उठली. बारावीनंतर घरीच शेती बघणारी. म्हणाली, "दादा, दुसरं नाव पोराचं घालायचं म्हणता. ई-पीक पाहणी आमच्या घरात मी करते. भाऊ पुण्याला कंपनीत आहे. दुसरं नाव कोणाचं घालतील?"

माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरी लग्नानंतर हक्कसोडीच्या कागदावर तिचा अंगठा किंवा सही घेतली जातेच, आणि तो कागद घेऊन तहसीलला जाणारा बहुतेक वेळा तिचा शिकलेला भाऊ असतो. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन केली. त्यासाठी मोर्चा लागला नाही. घरातल्या पुरुषाने ठरवले आणि तलाठ्याकडे गेला. लेकीसाठी तसे काही आपण आजवर काढले नाही. त्या मुलीला मी एवढेच सांगितले, की हा प्रश्न जिल्हा बैठकीपुढे तुझ्याच शब्दांत ठेवतो.

तो ठेवला आहे. या वेळच्या जिल्हा बैठकीत कर्जाच्या आणि कापूस-ज्वारीच्या भावाच्या ठरावांआधी हा विषय घेतला जाईल. प्रत्येक शाखेने दोन प्रतिनिधी पाठवायचे त्यातला एक तिशीच्या आतला असावा, आणि तिथे जमीन कसणारी मुलगी असेल तर तिला आणावे. बोलायला आधी त्यांना वेळ मिळेल. आम्ही जुने शेवटी बोलू, वेळ उरला तर. येताना आपल्या सोसायटीचे पोटनियम सचिवाकडून लेखी मागून आणावेत. नाही म्हणाला तर तो नकारही लेखी घ्यावा. आणि ट्रंकेतले शेअर सर्टिफिकेट काढून त्यावर नाव कोणाचे आहे ते बघून यावे. काही घरांत ते अजून वारलेल्या आजोबांचेच निघेल.